कोऱ्या पाण्याची साक्ष

मी नरसाळं बोलतोय. हसू नका. डब्यावर उपडं पडलेलं, तेलाचे ओघळ अंगावर वाळलेलं ते पत्र्याचं नरसाळं नव्हे मी. ते माझ्या नात्यातलं आहे म्हणतात, पण आमचं येणंजाणं नाही. मी काचेचा. पोट लांबट आणि फुगीर, वर तोंडाला काचेचं बूच, खाली पायाशी काचेचीच तोटी. माणसांच्या पोटात एक असतं आणि ओठात एक. माझ्या पोटात जे आहे ते आरपार दिसतं. तरीसुद्धा खोटेपणाचा आळ आला तो माझ्यावरच, आणि तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

मला जन्म दिला तो भट्टीपाशी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या काचकाराने. फुंकून फुंकून त्याचे गाल लोंबायला लागले होते. पोट फुंकायला त्याला फार वेळ लागला नाही, पण तोटी बसवताना मात्र त्याने दिवस घालवला. तोटी आणि तिची बैठक एकमेकांत घासत बसला होता. शेजारच्या कारागिराने विचारलं, "काय हो, अजून तेच?" तर म्हणाला, "लग्नासारखं आहे बाबा. एकमेकांना घासल्याशिवाय नीट बसत नाहीत, आणि एकदा बसले की दुसऱ्याची तोटी याला चालत नाही." मग मला पेंढ्यात गुंडाळून त्याने खोक्यात घातलं. त्याचं तोंड मला पुन्हा दिसलं नाही.

खोकं उघडलं ते पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. उघडणारी बाई बुटकी, चष्मेवाली, केस घट्ट बांधलेली. तिला सगळे ताई म्हणत, अगदी तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. ताईने मला उजेडाकडे धरलं, तोटी फिरवून पाहिली आणि म्हणाली, "वा! कुठेही प्लास्टिक नाही. तुझं माझं जमणार."

आणि जमलंही. ताईचं काम होतं पाण्यातलं एक लबाड रसायन शोधायचं. प्लास्टिक मुळात कडक असतं म्हणे. त्याची मऊ नळी, लवचिक चादर, दुमडणारी पिशवी करायची तर त्यात एक तेलकट द्रव घालावा लागतो. तो प्लास्टिकमध्ये राहतो, पण बांधलेला नसतो. भाडेकरूसारखा राहतो आणि संधी मिळाली की निसटून पाण्यात उतरतो. त्याला ना रंग, ना वास, ना चव. पाणी दिसायला स्वच्छ, आणि आत हे महाशय बसलेले.

त्याला पकडायची जागा म्हणजे माझं पोट. ताई माझ्यात पाणी ओतायची, चिमूटभर मीठ घालायची, वरून पाण्याहून जड असं एक द्रावण घालायची. मग बूच दाबून मला उलटंपालटं करून जोरजोरात हलवायची. मध्येच तोटी उघडून आत कोंडलेली वाफ सोडायची. मी फुस्स करायचो आणि ती म्हणायची, "आली का ढेकर?" मग मला ओट्यावरच्या लोखंडी कड्यात उभं करून ती गप्प बसून राही. हळूहळू पाणी वर राही, जड द्रावण खाली बसे, आणि तो लपलेला भाडेकरू पाणी सोडून द्रावणात आलेला असे. खालचा थर तोटीतून अलगद काढून ती तो आटवायची आणि यंत्राला द्यायची. यंत्र पडद्यावर रेघ काढत जायचं. रेघ जिथे उंच उडी मारेल तिथे चोर. दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी करणं म्हणतात ना, ते मी नुसत्या गप्पांत केलेलं नाही, पोटात घेऊन केलंय.

या कामात एक मोठी अडचण होती. तो भाडेकरू सगळीकडे असतो. हातमोज्यात, डबीच्या झाकणात, हाताला चोळायच्या मलमात, फरशी पुसायच्या बादलीत. म्हणून ताई कशालाच हात लावू द्यायची नाही. भांडी काचेची, झाकणाखाली धातूचा कागद, आणि आम्हा सगळ्यांना आधी भट्टीत तापवायची. "आलं ताईचं सोवळं," असं म्हणून बाकीचे हसायचे. हसू देत. आणि प्रत्येक वेळी नमुन्याबरोबर ती माझ्यात कोरं पाणी घालायची. कोरं म्हणजे ज्यात काहीच नाही असं, इथेच कोपऱ्यातल्या यंत्रात उकळून वाफेचं परत केलेलं पाणी. त्यात काही निघालं नाही, तरच नमुन्यात निघालेलं खरं मानायचं. कोरं पाणी म्हणजे आमचा साक्षीदार.

आता ताईच्या भावाबद्दल सांगतो. हा धाकटा, ताईने कडेवर घेऊन वाढवलेला. ती त्याला भावड्या म्हणायची. तो मऊ नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता आणि कारखान्याच्याच खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या वस्तीत राहत होता. बायको आणि एक मुलगी, चिमणी. वस्तीला पाणी यायचं ते ओढ्यावरच्या टाकीतून, आणि ओढ्यात वरून कारखान्याचं धुणं यायचं. आता तुम्हीच जोडा.

एकदा भावजय प्रयोगशाळेत आली. म्हणाली, "ताई, घरचं पाणी आणलंय. एकदा बघा ना. चिमणीला देताना हात थांबतो हो." आणि पिशवीतून काढलं काय, तर प्लास्टिकची बाटली! चांगली गरम पाण्याने विसळून आणलेली. ताई कपाळाला हात लावून हसली. "अगं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! यात काय सापडलं ते टाकीचं की बाटलीचं, सांगणार कसं?" भावजय बिचारी ओशाळली. पण त्या दिवसापासून ताईचं हसणं कमी झालं. ती साहेबांच्या मागे लागली, साहेब वरच्या कचेरीच्या मागे लागले, आणि शेवटी हुकूम आला. टाकीचं पाणी तपासा. दोष निघाला तर ओढ्याचं पाणी बंद करून वस्तीला वरच्या धरणाचं पाणी देऊ.

हे भावाला कळलं तेव्हा तो तणतणत आला. मी कड्यातूनच ऐकलं सगळं.

"ताई, ज्या कारखान्याने मला उभं केलं त्याच्या मुळावर उठलीस तू?"

"मी पाण्याचं बघतेय रे. कारखान्याचं नाही."

"एकच झालं ना ते! मी खाल्ल्या घरचे वासे मोजणारा नाही. आणि पाण्याला झालंय काय? काचेसारखं तर आहे."

"काचेसारखं दिसतं म्हणूनच तर भीती वाटते," ताई म्हणाली. तो दार आपटून गेला आणि माझ्या बुचाला हादरा बसला.

पुढे ताई स्वतः काचेच्या बाटल्या घेऊन गेली आणि टाकीचं पाणी भरून आणलं. पण आमच्याकडे तेव्हा एक रडगाणं चालू होतं. कोरं पाणी करणाऱ्या यंत्रातून खाली बरणीत उतरणारी काचेची वाकडी नळी तडकली होती आणि ओट्याखाली टपटप गळत होती. नवीन नळीची मागणी भांडारात जाऊन पडली होती. भांडारवाला म्हणे, "येईल, येईल." ताईने तडकलेल्या जागी धातूचा कागद गुंडाळला, खाली वाडगा ठेवला आणि निभावून नेलं.

आणि एका दुपारी भाऊ पुन्हा आला. या वेळी चेहरा पडलेला, हातात डबा. ताई साहेबांच्या खोलीत होती. भाऊ स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला. भांडून गेलेल्या माणसाला क्षमा मागायची असते, पण तोंडातून शब्द निघत नाही, मग तो हाताला काम शोधतो. त्याला ती टपटप ऐकू आली. त्याने ओट्याखाली वाकून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, "अरेरे, ताईची ही दशा! आणि आम्ही ढिगाने नळ्या काढतो."

तो बाहेर जाऊन आपल्या दुचाकीच्या पेटीतून नळीचा तुकडा घेऊन आला. नवीकोरी, पारदर्शक, बोटांत साप खेळावा तशी मऊ. तडकलेली काच त्याने हळूच काढली आणि त्या जागी ती नळी घट्ट बसवली. टपटप थांबली. ओट्याखाली अंधारात, भिंतीच्या कडेला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशी. हात झटकत तो हसला. "बघू, कधी लक्षात येतं ताईच्या."

मी बघत होतो. मला दोन तोंडं आहेत, एक वर आणि एक खाली, पण वाचा एकालाही नाही. ओरडता आलं असतं तर काच फुटेपर्यंत ओरडलो असतो.

ताई आली. डबा बघून तिचे डोळे भरले. "भावड्या, रागावलास ना रे?" एवढंच म्हणाली. दोघं शेजारी बसून जेवले. तो गेल्यावर तिने वाडगा कोरडा बघितला आणि म्हणाली, "चला, भांडारवाल्याला एकदाची दया आली म्हणायची." कामाची घाई होती, निकाल द्यायचा दिवस जवळ आला होता. ताईने बाटल्या पारखल्या, झाकणं पारखली, स्वतःचे हात पारखले. ज्याच्यावर बाकी सगळ्यांची पारख करायची, त्या कोऱ्या पाण्याला पारखायचं मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

टाकीचं पाणी माझ्या पोटात आलं. ताईने हलवलं, थांबली, खालचा थर काढला. मग कोरं पाणी आलं. ते पोटात पडताच मला कळलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

यंत्राच्या पडद्यावर टाकीच्या पाण्याची रेघ उठली ती केवढी! डोंगरच. मग कोऱ्या पाण्याची रेघ आली, आणि त्याच जागी तिनेही उडी मारली. लहान होती, टेकडीएवढी. पण होती. ताईने टाकीच्या पाण्याची बाटली उचलून बघितली. नमुना सगळा वापरून संपला होता.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "ताई, टाकीत विष आहे हे तुलाही दिसतंय, मलाही. कोऱ्याचा आकडा नको लिहू. कोण विचारतंय?"

"मी विचारीन ना, साहेब."

"तुझी भाची पिते ते पाणी!"

"म्हणूनच," ताई म्हणाली. "उद्या त्यांनी हे उघडं पाडलं तर आपलं पुढचं एक अक्षर कुणी खरं मानणार नाही. आहे ते लिहू. फरक किती मोठा आहे, आंधळ्यालाही दिसेल."

मला तिचा अभिमान वाटला, आणि रागही आला. आंधळ्याला दिसेल हो, पण ज्याने डोळे मिटायचे पैसे घेतलेत त्याला कसं दिसणार? कारखान्याचा सल्लागार आला. गुळगुळीत माणूस. त्याच्याबरोबर वरच्या कचेरीतला अधिकारी. सल्लागाराने सगळीकडे नजर फिरवली, मला हातात घेऊन बघितलं आणि गोड आवाजात विचारलं, "बाई, तुमच्या शुद्ध पाण्यातही तेच निघालं ना?"

"निघालं. पण टाकीतल्यापेक्षा कितीतरी कमी..."

"निघालं की नाही?"

"निघालं."

"मग घाण ओढ्यात आहे की तुमच्या या भांड्यात, हे आम्ही कसं ठरवायचं?" असं म्हणून त्याने मला ओट्यावर ठेवलं आणि रुमालाने बोटं पुसली. माझ्या जन्मात माझा असा अपमान कुणी केला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी! अधिकाऱ्याने मान हलवली. पाणी निर्दोष धरलं गेलं. पुन्हा नमुना घ्यायची परवानगी ताईने मागितली, तर उत्तर आलं, एकदा तपासलं ते पुरे.

त्यानंतर ताई वेड्यासारखी शोधत सुटली. मीठ तपासलं, द्रावण तपासलं, मला पुन्हा पुन्हा तापवून तपासलं. सगळे निर्दोष. शेवटी ती विजेरी घेऊन ओट्याखाली शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती नळी होती. नळीवर कारखान्याचा छाप होता. ताईचा चेहरा लालबुंद झाला. "त्यांनीच! माणूस पाठवून बसवली! साहेब, बघा, ही त्यांची नळी!" साहेबांनी नळीकडे बघितलं, ताईकडे बघितलं. म्हणाले, "बसवली कुणी, ते सिद्ध करशील? नाव आण, मी पुन्हा लढतो."

त्याच आठवड्यात काचसामान बाद करायचा हुकूम निघाला. डाग लागला होता ना आमच्यावर. आता एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यांतून पाणी गाळायचं ठरलं. हो, बरोबर ऐकलंत. प्लास्टिक शोधायला प्लास्टिक. मला भंगारात जाताना ताईला बघवलं नाही. तिने मला कापडात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवलं, शेजारी ती नळी खोचली आणि तशीच भावाच्या घरी निघाली.

लहानसं घर, दोन खोल्या, खिडकीला लोखंडी गज. भावाने हसत दार उघडलं. ताई आत येताच म्हणाली, "भावड्या, एक काम कर. तुमच्यातलं कोण आमच्याकडे येऊन गेलं ते मला शोधून दे. त्या माणसाचं नाव हवंय मला. त्याचं तोंड बघायचंय." आणि तिने पिशवीतून नळी काढली.

भावाने नळी बघितली आणि टाळी वाजवली. "सापडली का शेवटी! अगं वेडे, मीच बसवली ती! डबा घेऊन आलो होतो त्या दिवशी. म्हटलं बघू ताईला कधी कळतं. मस्त चालली ना? आमचा एक नंबर माल आहे."

पिशवीच्या तोंडातून मला ताईचा हात दिसला, नळीभोवती आवळलेला. मग ती हसल्यासारखं करून म्हणाली, "हो रे. मस्त चालली."

तेवढ्यावर थांबली असती. मला माहीत आहे, थांबली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण चिमणी धावत आली. दोन्ही हातांत पेला धरलेला, काठोकाठ भरलेला. "आत्या, पाणी घे. मी भरलं." ताईने पेला घेतला. तोंडाशी नेला. तिथेच धरून राहिली. चिमणी तोंडाकडे बघतेय. मग ताईने पेला खाली ठेवला आणि रडत रडत सगळं सांगितलं. नळी कशी पाझरते, कोरं पाणी कसं बाटलं, निकाल कसा उलटला, टाकीत काय आहे.

भावाचा चेहरा आधी पांढरा पडला. मला वाटलं, आता हा खाली बसेल. पण माणूस आपल्या चुकीकडे फार वेळ बघू शकत नाही. त्याने नजर फिरवली आणि आवाज चढवला. "म्हणजे मी केलं? माझ्या लेकीला मी विष पाजतोय, असं म्हणायचंय तुला?"

"असं नाही रे म्हणत मी. तू प्रेमाने केलंस. फक्त हे पाणी नको देऊ तिला."

"तूच लिहून दिलंस ना पाणी चांगलं आहे म्हणून! तुझ्याच प्रयोगशाळेचा निकाल! आता हरलीस तर खापर माझ्यावर? या नळ्यांतून दुनिया पाणी पिते, ताई. कोण मेलंय?"

"अहो, जरा ऐका तरी त्यांचं," भावजय दारातून म्हणाली.

"तू गप्प बस!" तो ओरडला. त्याने तो पेला उचलला, घटाघटा अर्धा प्यायला आणि उरलेला चिमणीपुढे धरला. "पी गं. बघू दे आत्याला." चिमणी घाबरून प्यायली. ताई उठली. पिशवी, नळी, मी, सगळं तिथेच राहिलं. दाराशी तिने चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. ती परत आलेली नाही. टाकीचं पाणीही अजून तेच आहे, म्हणजे साहेबांना हवं होतं ते नाव तिने दिलं नसणार.

आता मी त्याच खिडकीत आहे. वेल लावायला चिमणीने मला हौसेने निवडलं. माझी तोटी घट्ट बसली आहे, फिरत नाही. बूच कुठे गेलं माहीत नाही. पोटात टाकीचं पाणी आणि पाण्यात एक वेल. मला गजाला बांधून ठेवलंय, आणि कशाने म्हणाल, तर त्याच नळीच्या तुकड्याने. भावानेच बांधलं. बांधताना त्याने नळीवरचा कारखान्याचा छाप आतल्या बाजूला वळवला, हे मी सोडून कुणी बघितलं नाही.

वेल मात्र तरारली आहे. कुणी पाहुणा आला की भाऊ बोट दाखवतो. "बघा, म्हणे पाणी वाईट! वेल कशी वाढतेय बघा." पाहुणे माना डोलावतात. मग तो जरा जास्तच मोठ्याने हसतो. पाहुणे गेले की तो वेलीकडे पाठ करून बसतो. भावजय कधीकधी दूरच्या नळावरून एक कळशी आणते आणि तो घरी नसताना त्यातलं पाणी चिमणीला देते. तेवढ्याने काय होणार? कळशी संपते, टाकी संपत नाही.

मला सगळं कळतं. हा भाडेकरू माझ्या पोटात रोज नव्याने येतो, मी त्याला ओळखतो, आणि मला काही करता येत नाही. मला फार काही नकोय हो. वेल काढा. एकदा मला स्वच्छ धुवा, भट्टीत तापवा, तोटी सोडवा, आणि हेच पाणी घालून मला एकदा, फक्त एकदा हलवा. शेजारी खरंखुरं कोरं पाणी ठेवा. मी तेव्हाही खरं बोललो होतो, आताही बोलेन. नाहीतर निदान ताईला कुणीतरी निरोप द्या, की चिमणी विचारते, आत्या कधी येणार.

ती बघा, आलीच. सकाळ झाली की तिचं हे पहिलं काम. दोन्ही हातांत पेला, काठोकाठ भरलेला. अर्धा मला घालते, आणि "आता माझा" असं म्हणून उरलेला अर्धा पिते.